रोजच्या स्वयंपाकात जव कसे आणायचे: दुकानापासून ताटापर्यंत

वैद्यांनी किंवा डाएटिशियननी "आहारात जव सुरू करा" एवढंच सांगितलं आणि घरी आल्यावर नक्की कुठून सुरुवात करायची ते कळेना, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमच्या घरात बाबांची शुगर आणि माझं वजन या दोन कारणांनी जव, म्हणजे बार्ली, आले आणि आता ते पोळीच्या पिठात, खिचडीत, उन्हाळ्यातल्या सातूत असे सगळीकडे मुरलेत, त्यामुळे सुरुवातीला कुठे कुठे अडतं ते मला चांगलं माहितीये.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. जव हे आठ दिवसांचं औषध किंवा डिटॉक्स म्हणून करायला घेऊ नका, तुम्ही रोज जे करता त्यातच थोडे थोडे मिसळा. चरकसंहितेत रोज खावं असं जे सांगितलंय त्यात साठीचा तांदूळ, मूग, सैंधव, आवळा, दूध, तूप, मध यांच्याबरोबर जवही आहेत. म्हणजे हे रोजच्या ताटातलं धान्य आहे, आपल्याकडे मधल्या काळात ते फक्त पूजेपुरतं, होमापुरतं आणि घटस्थापनेच्या परडीपुरतं उरलं. पिकतंही मुख्यतः उत्तरेत, राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश इकडे, रब्बीत, त्यामुळे आपल्या आज्यांच्या हाताखालून ते ज्वारी-बाजरीइतकं गेलेलं नाही आणि घरात विचारायला कुणी नसतं.

आधी हे जमवून ठेवा

- सडलेले, म्हणजे कांडून वरचं टरफल काढलेले, जव अर्धा किलो (सुरुवातीला याहून जास्त आणूच नका)
- जवाचं पीठ पाव किलो, किंवा गव्हाबरोबर दळून आणायला जव
- मुगाची डाळ, घरचं तूप, जिरं, सुंठ, हिंग, सैंधव
- कुकर, जाड बुडाची कढई, मिक्सर, पिठाची चाळणी आणि एक सूप
- शुगर, थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची यादी आणि शेवटचे रिपोर्ट, ते का लागतात ते शेवटच्या पायरीत येईल

१. दुकानात नेमकं काय मागायचं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. "जव द्या" म्हटलं की निम्मे दुकानदार जवस काढून देतात, चॉकलेटी रंगाचं चपटं तेलबी, चटणी करतो ते. ते नकोय. म्हणून "सातू" किंवा सरळ "बार्ली" म्हणा आणि दाणा हातात घेऊन बघा, तो गव्हासारखा असतो, मधे खाच, दोन्ही टोकं निमुळती.

हा दाणा बाजारात तीन रूपांत मिळतो:

सालासकट जव: पिवळट, वरचं टरफल भातासारखं घट्ट चिकटलेलं. पूजेच्या दुकानात पुडीत मिळतात ते हेच. ती पुडी खायच्या हिशोबाने निवडलेली नसते, त्यात माती, खडे, कधी कधी जुनाट वास असतो, तर ती खायला वापरू नका. शिवाय हे टरफल शिजत नाही, घशात टोचतं, त्यामुळे असे जव आणलेच तर थोडं पाणी शिंपडून सडून, पाखडून घ्यावे लागतात.

सडलेले जव: वरचं टरफल काढलेलं, आतला कोंडा शाबूत, रंग तपकिरीकडे झुकणारा. स्वयंपाकाला हे सगळ्यात चांगले. उत्तर भारतीय वस्तीतल्या किराणा दुकानात किंवा ऑर्गॅनिकच्या दुकानात मिळतात.

पर्ल बार्ली: पॉलिश केलेले, पांढरे, गोलसर, खाचेत एक तपकिरी रेघ. सुपरमार्केटमधे बहुतेक हेच असतात. परदेशात राहणाऱ्यांनाही हे सहज मिळतील, सूपच्या सामानाच्या शेल्फवर बघा. आता बरेच जण सांगतात की पॉलिशवाले म्हणजे मैदाच, फेकून द्या, ते मला पटत नाही. गव्हात बहुतेक चोथा वरच्या कोंड्यात असतो, जवात मात्र बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा चोथा दाण्यात आतपर्यंत असतो, त्यामुळे पॉलिश होऊनही तो बराचसा उरतो. सडलेले मिळाले तर उत्तम, नाही मिळाले तर पर्ल आणा आणि कामाला लागा.

अजून दोन सापळे. "सातूचं पीठ" असं छापलेल्या पाकिटात आपल्याकडे बऱ्याचदा गहू आणि डाळं एवढंच असतं, जव नसतातच, आणि उत्तरेकडचा सत्तू तर बहुतेक वेळा नुसत्या चण्याचा असतो, तेव्हा मागची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका. आणि आयुर्वेदिक दुकानात "जवखार" मिळतो, तो जवाच्या झाडाची राख करून काढलेला क्षार आहे, औषध आहे, स्वयंपाकात घालायची वस्तू नाही. वैद्यांनी नाव लिहून दिलं असेल तरच घ्या.

२. निवडणं आणि साठवणं

जव निवडून, उन्हात एक दिवस वाळवून डब्यात भरा, वर कडुनिंबाचा वाळलेला पाला. यांना सोंडे पटकन लागतात, पावसाळ्यात तर फारच. पीठ मात्र थोडंच दळा, दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढं, नाहीतर कडवट वास यायला लागतो. ग्रंथात धान्य एक वर्ष जुनं झालेलं चांगलं असं म्हटलंय, नवं धान्य पचायला जड आणि कफ वाढवणारं मानतात. विकतच्या पाकिटात हे कळायची सोय नाही, पण दाणे हलके भाजून घेतले की तेही पचायला हलके होतात, हा घरचा सोपा उपाय. नवीन माणसाने तर पहिल्या महिन्यात जे काय करायचं ते दाणे भाजूनच करावं असं माझं मत आहे, चवही खूप सुधारते.

३. पहिला आठवडा: फक्त पेज

एकदम भाकरी, पोळी, खिचडी सगळं सुरू केलं तर पोट फुगणार आणि मग दोष जवाला. ग्रंथकारांनी जवाचे गुण सांगताना रूक्ष, थंड, तुरट-गोड, कफ कमी करणारा, बळ देणारा असं सगळं चांगलं म्हटलंय, आणि त्याच दमात तो वात आणि मळ वाढवतो हेही म्हटलंय. ते विसरून चालत नाही.

तर पेज अशी करा. दोन मोठे चमचे सडलेले जव कोरडे भाजा, खमंग वास आला आणि एखाद-दुसरा दाणा तडतडला की उतरवा. मिक्सरमधे भरड काढा, रवाळ हवी, पीठ नको. चार वाट्या पाण्यात घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळा, अधूनमधून ढवळा कारण तळाला बसते. वरून सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर सुंठ आणि अर्धा चमचा तूप. तूप चुकवू नका, वजन कमी करणाऱ्यांनीसुद्धा, कारण जवाचा कोरडेपणा तेच सांभाळतं. ही पेज सकाळी नाश्त्याला किंवा संध्याकाळी साडेसातच्या आत, दिवसातून एकदाच.

दिवसभर पाणी नेहमीपेक्षा जरा जास्त प्या. चोथा वाढला आणि पाणी नाही वाढलं की उलट पोट साफ होत नाही, आणि लोक म्हणतात जव बाधले.

याच पेजेचं पातळ रूप म्हणजे जवाचं पाणी. दोन चमचे जव एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळायचे, गाळायचं, कोमट झालं की लिंबू, सैंधव. उन्हाळी लागली की धने-जिऱ्याच्या पाण्यासारखंच हेही देतात. पण लघवीला जळजळ होऊन ताप असेल, थंडी वाजत असेल किंवा लघवीत रक्त दिसलं तर पाणी पीत घरी बसू नका, लघवी तपासून घ्या. आणि हे पाणी त्या दिवशीच संपवा, फ्रिजमधे तीन दिवस ठेवून प्यायची गोष्ट नाही ही. मध घालायचा असेल तर पूर्ण गार झाल्यावर, गरम पाण्यात मध आयुर्वेदाला चालत नाही.

४. पोळी-भाकरी

पेज पचली, पोट नीट आहे, मग पिठाकडे वळा. प्रमाण तीन वाट्या गहू, एक वाटी जव. गिरणीत देताना तीन किलो गव्हात एक किलो जव मिसळूनच दळायला द्या, वेगळं दळून नंतर घरी मिसळलं तर दोन्ही पिठं एकत्र चाळून नीट एकजीव करा, नाहीतर एखादी पोळी मऊ, एखादी चिवट असं होतं. जवात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून पोळी लाटताना कडा फाटतात. त्यावर उपाय: कोमट पाण्याने भिजवा, नेहमीपेक्षा सैल, चमचाभर तेल, आणि अर्धा तास झाकून ठेवा. जव पाणी हळूहळू पितात, भिजवल्या भिजवल्या कणीक बरोबर वाटते आणि दहा मिनिटांनी घट्ट होते, म्हणून आधीच सैल ठेवायची.

महिन्याभराने दोनास एक, पुढे जमलं तर निम्मं-निम्मं. निम्म्याच्या पुढे पोळीचा हट्ट सोडा आणि भाकरी करा. नुसत्या जवाच्या भाकरीला उकड काढावी लागते, तांदळाच्या भाकरीसारखी: पाणी उकळून मीठ घालून त्यात पीठ, झाकण, पाच मिनिटं, मग गरम असतानाच मळायचं आणि लगेच थापायचं. ज्वारी निम्मी घातली तर थापायला खूप सोपं जातं. भाकरी गरम गरमच खा, गार झाली की कडक होते. डब्यात न्यायची असेल तर गहू मिसळलेली पोळीच बरी.

थालीपिठाची भाजणी घरी करत असाल तर काम आणखी सोपं, नेहमीच्या धान्यांत एक वाटी भाजलेले जव वाढवा आणि कुणाला सांगूही नका. मुलांना पत्ता लागत नाही.

५. भात आणि खिचडी

भाताऐवजी जव असं एकदम करू नका, घरात बंड होतं. तांदळात मिसळा. जपानमधे भातात जव घालून शिजवायची जुनी पद्धत आहे, १८८० च्या दशकात तिथल्या नौदलात ताकाकी कानेहिरो या डॉक्टरने खलाशांच्या पांढऱ्या भाताच्या जेवणात बदल करून त्यात जव आणले आणि बेरीबेरीचा (बी१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा) आजार जवळपास संपवला, इतकं हे कामाचं धान्य.

जव तांदळापेक्षा बराच वेळ घेतात, रात्रभर भिजवले तर लवकर शिजतात. सडलेले असतील तर भिजवून, एकाला साडेतीन-चार वाट्या पाणी, कुकरच्या पाच शिट्ट्या आणि वाफ आपोआप जिरू द्या. पर्ल असतील तर तीन वाट्या पाणी, तीन-चार शिट्ट्या. शिजल्यावर दाणा चावताना किंचित चिवट लागतो, तो कच्चा नसतो, त्याचा स्वभावच तसा आहे. एक वाटीचे जवळपास तीन वाट्या होतात, हे लक्षात ठेवा नाहीतर पहिल्याच दिवशी पातेलंभर उरतात.

माझी पद्धत अशी की रविवारी दोन वाट्या जव शिजवून निथळून डब्यात घालून फ्रिजमधे ठेवते, तीन-चार दिवस जातात. मग रोज भात झाला की त्यात दोन-तीन चमचे मिसळायचे. किंवा ताक-मीठ-हिंग-मिरचीची फोडणी घालून दहीभातासारखे. किंवा मटकीच्या उसळीत. मांसाहारी घरात चिकनच्या सूपमधे तर अप्रतिम लागतात, सूप दाट होतं आणि पोट भरतं.

खिचडीसाठी मात्र भरड घ्या: एक वाटी भाजलेली जवाची भरड, पाऊण वाटी मुगाची डाळ, पाच वाट्या पाणी, फोडणीत जिरं-हिंग-आलं-कढीपत्ता-हळद, चार शिट्ट्या. वरून तूप. आजारातून उठलेल्या माणसाला देताना पाणी अजून एक वाटी वाढवा.

६. सातूचं पीठ घरी

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात उपयोगी प्रकार, कारण एकदा करून ठेवलं की गॅस पेटवावा लागत नाही. ऑफिसला जाणाऱ्यांनी, हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलांनी हे शिकून घ्याच.

दोन वाट्या जव धुवा, निथळा, कापडावर सावलीत रात्रभर पसरून ठेवा. पूर्ण वाळू देऊ नका, अंगात जरा ओल हवी, त्या ओलीने दाणा भाजताना फुलतो. जाड कढईत एका वेळी मूठ-दीड मूठच घ्या आणि मध्यम आचेवर हलवत राहा, एकदम सगळे घातले तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात, आणि कच्चं पीठ न शिजवता खाल्लं की पोट दुखणारच. तडतड आवाज यायला लागला, रंग सोनेरी झाला आणि दाणा दाताखाली खुसखुशीत फुटला की झालं. तुमच्या गावात भडभुंजा असेल तर त्याच्याकडून वाळूत भाजून आणा, घरच्या कढईपेक्षा ते जास्त एकसारखे भाजले जातात. भाजल्यावर सालं उरलीच असतील तर हाताने चोळून पाखडा.

गार झाल्यावर एक वाटी पंढरपुरी डाळं, एक चमचा भाजलेलं जिरं, अर्धा चमचा सुंठ, चार वेलदोडे घालून बारीक दळा, चाळा, कोरड्या डब्यात. महिनाभर टिकतं.

घ्यायचं कसं: दोन चमचे हे पीठ (यालाच पुढे नुसतं सातू म्हणते) पेलाभर ताकात, सैंधव आणि जिरेपूड घालून, किंवा गूळ-पाण्यात कालवून वर चमचाभर तूप. शुगर असेल त्यांनी अर्थातच गूळ नाही, ताकातलंच घ्या.

याचे नियम वाग्भटांनी अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात स्पष्ट दिलेत आणि ते आजही तंतोतंत लागू पडतात: सातू रात्री खाऊ नये, जेवणावर खाऊ नये, नुसता कोरडा खाऊ नये, एका वेळी खूप खाऊ नये. जेवण झाल्यावर वरून "हेल्दी ड्रिंक" म्हणून सातू पिणारी माणसं मी बघते आणि मग तीच पोट जड झाल्याची तक्रार करतात. सातू हे स्वतः एक खाणं आहे, ते नाश्त्याच्या किंवा चारच्या भुकेच्या जागी घ्यायचं.

७. ऋतू आणि आपली प्रकृती बघून

वसंतात, म्हणजे थंडी संपून ऊन चढायला लागतं तेव्हा, साचलेला कफ सुटतो, सर्दी-खोकला आणि अंगात जडपणा येतो, त्या ऋतूत जव आणि गहू खावेत असं ऋतुचर्येत आहे. म्हणून सुरुवात करायला फेब्रुवारी-मार्च सगळ्यात चांगला. उन्हाळ्यात सातू आणि पेज. पावसाळ्यात भूक मंद असते, तेव्हा जुने, भाजलेले जव, आलं-सुंठ-हिंग घालून, प्रमाण कमी. कडक थंडीत मी नुसत्या जवापेक्षा पोळीतलंच प्रमाण चालू ठेवते.

वजन जास्त, अंगात जडपणा, सतत कफ, शुगर, अशांना जव सगळ्यात जास्त मानवतात. प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात येतो त्या लघवीच्या आजारांच्या) प्रकरणात तर चरकांनी "यवप्रधानस्तु भवेत् प्रमेही" असं थेट म्हटलंय, म्हणजे त्या रुग्णाच्या जेवणात मुख्य धान्य जव असावं, आणि भात, सातू, पिठाचे अपूप असे जवाचे वेगवेगळे पदार्थ सुचवलेत. आजचं शास्त्रही याच्या जवळ जातं: बीटा-ग्लुकन पोटात चिकट जेलसारखं होतं, साखर रक्तात सावकाश जाते, कोलेस्टेरॉल थोडं खाली येतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २००५-०६ मधे जवाच्या पाकिटावर हृदयरोगाचा धोका कमी करण्याचा दावा छापायला परवानगी दिली, दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन या हिशोबावर. घरच्या मापात ते साधारण अर्धी वाटी कोरडे जव असं धरा, दाण्याच्या जातीप्रमाणे थोडं कमी-जास्त.

उलट अंगकाठी बारीक, त्वचा कोरडी, गॅस आणि मलावरोधाचा त्रास, झोप कमी, अशा वाताच्या माणसांनी जव कमी, नेहमी गरम, नेहमी तुपासकट. वयस्कर लोकांना पेज द्या, भाकरी नको.

दोन वैद्य दोन गोष्टी सांगतात म्हणून गोंधळू नका. चरकसंहितेच्या प्रचलित पाठात जव जड नाहीत असं आहे, वाग्भट त्यांना जड म्हणतात, म्हणजे हा मतभेद जुनाच आहे. तुमच्यापुरता निकाल सोपा: खाल्ल्यावर चार तासांनी खरी भूक लागते का बघा. लागली तर प्रमाण बरोबर, नाही लागली तर निम्मं करा.

८. कुणी थांबायचं, कुणी विचारून घ्यायचं

ग्लुटेनचा त्रास म्हणजे सीलिअॅक असेल त्यांनी जव अजिबात नाही, थोडेसुद्धा नाही. "गहू नाही म्हणजे चालेल" हा फार मोठा गैरसमज आहे, जवातही ग्लुटेन असतं, आणि माल्ट लिहिलेलं पेय किंवा बिस्कीटसुद्धा बहुतेक वेळा जवाचंच असतं. अशांनी ज्वारी, बाजरी, नाचणी, आणि तीही गिरणीत गव्हानंतर दळलेली नको.

शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जव सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि पहिले दोन आठवडे घरी मशीनवर जेवणाआधी आणि दोन तासांनी साखर बघून लिहून ठेवा. आकडे खाली यायला लागले तर डोस तेच बदलतील, आपण होऊन गोळी बंद करायची नाही. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घेता ना, तिच्यात आणि जवाच्या पेजेत तासभर तरी अंतर ठेवा, चोथ्यामुळे गोळी नीट शोषली जात नाही. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालंय, आतड्याला सूज आहे, किंवा किडनीच्या आजारात पोटॅशियम-फॉस्फरस मोजून खायला सांगितलंय, त्यांनीही आधी विचारा.

लहान बाळांना वरच्या अन्नात जव द्यायचे असतील तर आधी तांदूळ, मूग, नाचणी बसू दे, मग पातळ गाळलेली पेज दोन-तीन चमचे, सकाळच्या वेळी, त्या दिवशी दुसरं काही नवीन न देता, म्हणजे अंगावर पुरळ आलं किंवा पोट बिघडलं तर कशामुळे ते लगेच कळेल.